गुरुवारी, पिंपळे गुरवला जेवायला

कंपनीतल्या आमच्या लाइनच्या साहेबांनी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं ते इटालियन हॉटेलात. पिंपळे गुरवला ते राहतात त्या सोसायटीच्या खाली गाळे आहेत. एका बाजूला मेडिकल, दुसऱ्या बाजूला लाँड्री आणि मधे हे हॉटेल, सगळी मिळून सहा टेबलं. आमच्या चाकणच्या पट्ट्यात कंपन्यांना गुरुवारी सुट्टी, म्हणून गुरुवार. कंपनीतलं कोणी तिकडं फिरकत नाही, म्हणून ते हॉटेल. हे दुसरं कारण मला तिथं बसल्यावर कळलं.

दोघं म्हणजे मी आणि मामा. ते माझे सख्खे मामा नव्हेत. आमच्या हिंगोलीकडचेच, माझ्या गावापासून दोन गावं सोडून त्यांचं गाव. खराबवाडीत आम्ही एका खोलीत राहायचो. वय पन्नाशीकडे झुकलेलं. कंपनीत मी पहिल्या शिफ्टला आणि ते दुसऱ्या शिफ्टला, मशीन मात्र एकच. मी उठायचो आणि ते बसायचे.

त्या गुरुवारी मामांच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी होती. आत अंगठा आणि त्याच्या शेजारचं एक बोट उरलं होतं. हात मशीनमध्ये गेल्याला तेवीस दिवस झाले होते. मी मोजत होतो, कारण तेवीस दिवस दोन्ही वेळा मीच त्यांना भरवत होतो. डाव्या हातानं जेवायला ते तयार नव्हते. दवाखान्यात सिस्टरनं चमचा दिला, तर म्हणाले, "त्या हातानं अन्न नाय खाल्लं कधी, बाई. उपाशी ऱ्हाईन." मग मी भाकरी कालवायचो आणि घास करून द्यायचो. वॉर्डातली माणसं म्हणायची, भाचा असावा तर असा. मला ते ऐकवत नसे.

का ऐकवत नसे ते आधीच सांगतो.

आमचं मशीन म्हणजे पॉवर प्रेस. वरून डाय, म्हणजे लोखंडी साचा, खाली येते आणि पत्र्याचा पीस एका दणक्यात वाकवते. प्रेसला दोन बटणं असतात, डाव्या-उजव्या टोकांना, दोन हात लांब करून दाबायची. दोन्ही एकदम दाबली तरच डाय खाली येते. म्हणजे डाय येते तेव्हा दोन्ही हात बाहेर असणारच, अशी ती सोय. पण त्यात वेळ जातो. म्हणून लाइनवर सगळे काय करायचे, तर पॅकिंगच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्याची घडी एका बटणाच्या कडेला खोचायचे. बटण दाबलेलं राहायचं. मग एका हातानं बटण मारायचं आणि दुसऱ्यानं पीस ठेवायचा. प्रॉडक्शन दीडपट. साहेबांना माहीत होतं. त्यांनी कधी "खोचा" म्हटलं नाही, आणि कधी "काढा" पण म्हटलं नाही. फक्त ज्यानं खोचला त्यानं शिफ्ट सुटताना काढायचा. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण तो कोणी मोडत नसे.

मामा पुठ्ठा लावत नसत. "माझं काउंटर कमी भरू दे," म्हणायचे. काउंटर म्हणजे मशीनवरचा पीस मोजणारा आकडा. डावा हात बटणावर टेकवून उजव्यानं पीस सरळ करायची त्यांना जुनी सवय होती. त्यात धोका नव्हता. एका बटणानं मशीन हलत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्या दिवशी कंपनीची बस लवकर सुटेल म्हणून मी पळालो. पुठ्ठा राहिला. तेलानं काळा झालेला, बटणाच्या रंगाचाच झालेला, दिसायचाही नाही. मी खोलीवर पोचून अंगावर पाणी घेत होतो तेव्हा फोन आला.

सगळ्यांनी धरलं की पुठ्ठा मामांनीच लावला असणार. मामा पहिले काही दिवस गोळ्यांच्या गुंगीत होते. मी काही बोललो नाही. पहिल्या दिवशी भीतीनं बोललो नाही. दुसऱ्या दिवशी, पहिल्या दिवशी का बोललो नाही असं कोणी विचारेल म्हणून बोललो नाही. पुढं ते असंच चाललं.

साहेबांबद्दलही सांगायला हवं, नाहीतर ते वाईट माणूस वाटतील. मी आठवी नापास. चाकणला आलो तेव्हा ओळखपत्राशिवाय हातात काही नव्हतं. आयटीआय झालेली पोरं गेटवर रांगेत उभी होती आणि साहेबांनी मला आत घेतलं. मला डेंग्यू झाला तेव्हा स्वतःच्या गाडीतून नेऊन दाखल केलं. त्यांच्या घरची जुनी गादी अजून माझ्याकडे आहे. त्यांनी हाक मारली की मी आजही उभा राहतो, खुर्ची असली तरी.

तर आम्ही दुपारी बाराच्या सुमाराला पोचलो. मामांनी धुतलेला सदरा घातला होता. त्याची उजवी बाही मी शिवणीवर उसवून दिली होती, पट्टीवरून जावी म्हणून. बसमध्ये म्हणाले, "साहेब जेवू घालायलेत म्हंजे कायतरी चांगलंच असंल. गेटवर बसवतेत का काय की मला."

मी म्हणालो, "असेल."

हॉटेल चालवणारे नवरा-बायको आपलेच, मराठी. नवरा कुठल्याशा जहाजावर स्वयंपाकी होता म्हणे. आत एसीचा गारवा आणि भाजलेल्या लसणाचा वास. साहेब आधीच कोपऱ्यातल्या टेबलावर बसले होते, घरच्या कपड्यांत, पायात चपला. शेजारच्या खुर्चीवर पातळ फाइल ठेवलेली.

"या मामा, बसा. लाजू नका, घरचंच आहे. माझी पोरगी तर रविवारी दुसरीकडं जेवतच नाही." मग मला, "तू काय उभा? बस की."

त्यांनीच ऑर्डर दिली. आधी पातळ पिझ्झा आला. मग एका खोलगट ताटात पांढऱ्या दाट रश्शातला पास्ता, शिंपल्यासारखा वळलेला. मामा वाकून बघत राहिले.

"ह्या तर मालत्या हायत," ते म्हणाले. "आमच्याकडं लग्नात बाया कणकेच्या वळतेत. मालत्या, नखुल्या. दुधात शिजवतेत."

साहेब हसले. "तेच ते, मामा. आपलंच नेऊन आपल्यालाच विकतात."

"गूळ नाय घातला पर."

मालकीणबाई जवळच उभ्या होत्या, त्याही हसल्या. मग त्यांची नजर पट्टीवर गेली आणि त्या आत जाऊन चमचा घेऊन आल्या. मामांनी मान हलवली. मी हात धुऊन आलो आणि मामांच्या उजव्या बाजूला सरकलो. पिझ्झा तोडून त्यांना भरवला. त्यावरची ऑलिव्हची काळी चकती त्यांना जांभूळ वाटली. चावल्यावर तोंड वाकडं झालं, पण गिळली. साहेबांसमोर थुंकायचं कसं? मग मी चार बोटांनी पास्ता उचलून घास केला आणि दिला. बाजूच्या टेबलावर एक जोडपं होतं, त्यांनी बघितलं आणि पुन्हा मोबाइलमध्ये पाहू लागले.

"बघा," साहेब मामांना म्हणाले, "पोटचं पोरगं करणार नाही एवढं करतोय हा."

"करतो बापा. लई करतो."

माझी बोटं पांढऱ्या रश्शानं चिकट झाली होती. पुढचा घास मला नीट उचलता येईना.

साहेबांनी फाइल उघडली. एकच कागद होता, टाइप केलेला. ते हळू आवाजात बोलले, जसं घरातलं माणूस बोलतं. "मामा, हे बघा. वरून विचारणा झाली आहे. तपासणीला माणसं येणार. काहीतरी लेखी लागतं. यात एवढंच आहे की पुठ्ठा तुम्ही लावला, सांगूनही ऐकलं नाही, घाईत चूक झाली. बाकी काही नाही. हे झालं की तुम्हाला गेटवर घेतो. रजिस्टर सांभाळायचं, बसून काम. तुम्ही ठेक्यावरची माणसं, नाही झालं तर ठेकेदार काय म्हणेल माझ्या हातात नाही."

मामांनी कागदाकडं बघितलं नाही. "साहेब, मी पुठ्ठा नव्हता लावला."

"अहो मामा, सगळेच लावतात."

"मी नाय लावत. तुमाला बी माहीत हाय."

साहेबांनी श्वास सोडला आणि माझ्याकडं पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. मदत मागितल्यासारखं होतं ते, इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं काही मागितलं होतं. "तू समजाव यांना. तुझं ऐकतील. एका खोलीत राहता. सांग, कोण लावतं, कोण नाही."

माझ्या हातात घास होता. मी तो मामांच्या तोंडापर्यंत नेला नाही, ताटात परत ठेवला.

"मी लावला होता," मी म्हणालो. "सकाळी. काढायचा राहिला."

आतल्या भट्टीवर काहीतरी सरकवल्याचा लोखंडी आवाज झाला. साहेब मागं टेकले. मामा माझ्याकडं वळले. त्यांचा चेहरा चिडलेला नव्हता, मशीनचं काही समजून घेताना व्हायचा तसा झाला होता.

"शिफ्ट सुटताना?"

"हो. बस सुटेल म्हणून पळालो."

"कोन्तं बटन?"

"उजवं."

"हं," ते म्हणाले. मग, "इतके दिस कामून नाय बोलला?"

साहेबांनीच मधे तोंड घातलं, आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज कंपनीतला झाला. "हे पुन्हा कुठं बोलायचं नाही. कळलं का? दोघांची नावं आली की ती एकाची चूक राहत नाही, मग सगळी लाइन आली, मग विचारतील साहेब कुठं होते. मला कागदावर एकच माणूस पाहिजे. यांचा हात तर गेलाच आहे. तुझी नोकरी पण घालवू का? सांग."

मी काय सांगणार होतो? मला वाटलं होतं, खरं बोललो की काहीतरी होईल. काय ते माहीत नव्हतं, पण शिक्षा तरी होईल, कागद फाटेल. कागद तसाच टेबलावर होता. एका कोपऱ्याला पास्त्याचा रस्सा लागला होता, तो साहेबांनी टिश्यूनं टिपला.

"मला लिव्हता येत नाय आता," मामा म्हणाले.

"अंगठा डावाच चालतो." साहेबांनी खिशातून शाईचा छोटा पॅड काढला. सोबत आणला होता.

मी म्हणालो, "मामा, नका देऊ." मोठ्यानं नाही म्हणालो. मला वाटतं तेवढंच म्हणालो. मला नीट आठवत असतं तर बरं झालं असतं.

मामांनी पॅडवर अंगठा टेकवला आणि साहेबांनी दाखवलेल्या जागी दाबला. दोनदा दाबावा लागला, पहिला पुसट आला. मग टिश्यूला अंगठा पुसला. तो निळाच राहिला.

"जेवा मामा, थंड होतंय," साहेब म्हणाले. ते मोकळे झाले होते.

मी पुन्हा घास उचलला. मामांनी मान बाजूला घेतली. ताट कोपरानं स्वतःकडं ओढलं आणि डाव्या हातानं, त्याच निळ्या अंगठ्यानं, पास्ता उचलून तोंडात घातला. अर्धा सदऱ्यावर सांडला. दुसरा घास जरा नीट गेला. सगळं संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मी माझा रश्शानं भरलेला हात मांडीवर तसाच ठेवून बसलो. मालकीणबाईंनी बोटं धुवायला लिंबाचं गरम पाणी आणलं आणि कोणासमोर ठेवावं ते न कळून टेबलाच्या मधोमध ठेवलं.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले. भोसरीला गाडी बदलताना मी त्यांना दंडाला धरून उतरवलं, ते त्यांनी करू दिलं. संध्याकाळी खोलीत मी भाकरी कालवायला घेतली, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे." आणि भिंतीकडं तोंड करून स्वतः जेवले.

गेटचं काम त्यांना मिळालं. साहेबांनी शब्द पाळला. मामा चऱ्होलीकडं गावातल्या दुसऱ्या माणसांबरोबर राहायला गेले, तिथून येणं लांब पडायचं तरीही. माझी शिफ्ट सुटायची तेव्हा ते रजिस्टरवर वाकलेले असायचे, डाव्या हातानं एकेक आकडा काढत. मी "मामा" म्हणायचो. ते "हं" म्हणायचे. चार महिन्यांनी ठेका बदलला. नव्या ठेकेदाराला दोन हातांचा माणूस हवा होता. मामा गावी गेले.

मी अजून तिथंच आहे. साहेबांनी माझं नाव कागदावर येऊ दिलं नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. हे लिहिताना मला लाज वाटते, पण आहे. गावाकडं माझ्या पगारावर चार माणसं जेवतात. लाइनवर आता पुठ्ठा कोणी लावत नाही असं मला म्हणता आलं असतं तर म्हणालो असतो. मी लावत नाही. माझं काउंटर कमी भरतं, साहेब काही बोलत नाहीत, आणि मी का लावत नाही हा विषय आम्हा दोघांपैकी कोणीच काढत नाही.

मामांनी अंगठा का दिला? माझी नोकरी वाचावी म्हणून, की माझ्यासारख्या माणसाशी पुढं काही बोलायचंच नको म्हणून, की नुसते दमले होते म्हणून? मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

दिवाळीत मी फोन करतो. ते दोन वाक्यं बोलतात, पाऊस किती झाला आणि तब्येत बरी आहे, आणि फोन मामींकडं देतात. मामींनी मला कधी पाहिलेलं नाही, तरी भरभरून बोलतात. मागच्या खेपेला म्हणाल्या, "तुमी नसता तर काय झालं असतं ओ यांचं तिकडं. महिनाभर लेकरावानी घास भरवला म्हनं. माणसं सांगतेत ना गावात. आमी सगळे तुमचं नाव घेतो बघा."

मामा तिथंच बसलेले असणार, शेजारी. मला त्यांचा खोकला ऐकू आला.

मी म्हणालो, "त्यात काय, मामी."