पाय कापलेली बाज

मी काळूराम, गाड्या करणारा सुतार. म्हशाच्या जत्रेत माझ्या हातची बैलगाडी लोक लांबून ओळखतात. होडी मात्र जन्मात केली नव्हती. ती करायला लावली आमच्या पाड्याच्या सावळीनं, आणि तिला 'नाय' म्हणायची कुणाची टाप नाय.

डोळखांबच्या आत, धरणाच्या पाण्यापलीकडं आमचा पाडा. दवाखाना समोरच्या काठाला, पण वाट डोंगराला वळसा घालून, चार तासांची. गेल्या साली सावळीची लेक गोजर बाळंतपणात अडली. झोळीत घालून नेली, ती अर्ध्या वाटेत गेली. यंदा सून शीतलला आठवा लागला होता. सावळी म्हणाली, "हे पाणी मुंबईला पोचतं, आन् माझी सून पलीकडं पोचत नाय? बघतेच मी."

शहापूरच्या भाग्यश्री मॅडम होड्यांचे आराखडे करतात. सावळी त्यांना गाठून घेऊन आली. मॅडमनी झकास होडी काढली, बसायला आडव्या फळ्या, आठ माणसांची. सावळीनं कागद बघितला, घरातली बाज ओढत आणली आणि अंगणात टाकली.

"बसणारे चालत जातील. निजलेलं माणूस कुठं ठेवू? या बाजेभोवती होडी करा."

"मावशी, मधल्या फळ्या काढल्या तर काठ आत दबतील," मॅडम म्हणाल्या.

मला चीड आली. ज्याच्या गाड्यांनी जन्मभर भाताची पोती वाहिली, त्याला एक बाज पेलवत नाय? म्हटलं, "गाडीचं बळ बुडात असतं. बूड जाड करू, काठाला सागाची पट्टी ठोकू." मॅडमनी परत आराखडा केला, रुंदी वीतभर वाढवली. तीन आठवडे आमी तिघं रोज भांडलो.

होडी पाण्यात सोडली, बाज चढवली, तर ही डुलायला लागली. चूक माझीच. मॅडमना बाजेची लांबी-रुंदी दिली होती, उंची नाय, आन् उंच बाजेनं सगळा भार वर गेला. गाडीवर कोण बघतं उंची?

सावळी म्हणाली, "करवत आण. पाय काप बाजेचे."

कापले. होडी शांत झाली, पण माणसं बिथरली. बिनपायाची बाज म्हणजे दिसायला तिरडीच. सावळीचा दीर शाम म्हणाला, "जित्या माणसाला याच्यावर न्यायचं? अभद्र हाय." शीतल तोंडाला पदर लावून मागं सरकली.

सावळीनं पदर खोचला, होडीत उतरली आणि बाजेवर सरळ आडवी झाली.

"गोजरला शकून बघूनच नेली होती ना? मग मेली का? काळूराम, वल्हव रे."

मी वल्हं पाण्यात घातलं. पलीकडं पोचल्यावर ती उठली, साडी झटकली आणि तिथनंच हाक दिली, "शीतल, बघ गो. जिती हाय मी."

अकराव्या दिवशी भर दुपारी शीतलला कळा आल्या. बाजेला पहिला हात शामनं लावला. सावळीनं त्याच्यापुढं वल्हं केलं.

चौथ्या दिवशी होडी माघारी आली. शीतल बाजेवर बसली होती, मांडीवर पोरगी. आडवं नेलेलं माणूस बसून परत आलेलं आमच्या पाड्यानं पहिल्यांदा बघितलं. सावळीनं नातीला घेतलं आणि गोजर गेल्यापासून जी रडली नव्हती, ती तिथंच काठावर बसून रडली.