पाटील जेवत नाही

आसेगावच्या उकंडरावांच्या घरी एक कासव होतं. पाण्यातलं, तळहाताएवढं, डोळ्यांमागं लाल पट्टा असलेलं. लेक योगिनीनं अकोल्याला शिकत असताना ते हौसेनं आणलं, आणि लग्न होऊन ती धनजला गेली तेव्हा ते आईजवळ राहिलं. आई, म्हणजे गोजराबाई, अंगणवाडीत मदतनीस होत्या. मान वर काढून सगळीकडे सावकाश नजर फिरवायची त्याची ऐट बघून त्यांनी त्याचं नाव 'पाटील' ठेवलं.

उकंडराव स्टँडजवळच्या दुकानात फवारणीचे पंप दुरुस्त करत. सकाळी गेले की दिवेलागणीला घरी. ते जेवायला बसले की गोजराबाई पाटलांच्या दिवसभराच्या गोष्टी सांगत. उकंडराव ऐकत, हसत. स्वतः त्यांनी कासवाला कधी काही खाऊ घातलं नव्हतं.

दिवाळी झाली आणि गोजराबाईंना तापानं धरलं. अकोल्याच्या दवाखान्यात नेलं, तिथून त्या परत आल्या नाहीत.

तेरवी झाली, पाहुणे गेले. योगिनीही निघाली. जाताना म्हणाली, "बाबा, पाटलाले खायले घालत जा."

उकंडरावांनी डब्यातले कासवाच्या खाण्याचे दाणे त्याच्या प्लास्टिकच्या टोपल्यातल्या पाण्यात टाकले. संध्याकाळी ते फुगून तसेच तरंगत होते. दुसऱ्या दिवशी मेथीचं पान टाकलं, तेही तसंच. कासव मान आत ओढून तळाशी पडून होतं.

शेजारच्या ललिताबाई भाकर द्यायला आल्या होत्या. त्यांनी टोपल्यात वाकून पाहिलं. "भाऊजी, त्याले बी समजते. मुकं जनावर हाये, पन माया वळखते."

ते वाक्य उकंडरावांच्या मनात बसलं. त्यांना स्वतःलाही अन्न गोड लागत नव्हतं. ललिताबाईंच्या भाकरीचा कोर मोडायचा आणि बाकीची गाईला घालायची, असं चाललं होतं. आता ते ताट घेऊन टोपल्याजवळच बसू लागले.

"पाटील, तुमचं बी तसंच अन् माह्यं बी तसंच," ते म्हणत.

जे कुणाला सांगितलं नव्हतं ते त्यांनी कासवाला सांगितलं. दवाखान्यात गोजराबाई सारखं विचारत होत्या, घरी कवा जायचं. आणि ते दर वेळी म्हणत होते, उद्या.

मग कासवाचे डोळे सुजले. पापण्या उघडेनात. उकंडराव घाबरले. योगिनीला फोन लावला तर ती रागावली, "डॉक्टरले दाखवा ना बाबा, कायची वाट पाहून राह्यले?"

त्यांनी डब्यात ओला कपडा अंथरून कासव ठेवलं आणि मंगरुळपीरचा जनावरांचा दवाखाना गाठला. बकऱ्या, वासरं घेऊन लोक बसले होते. डॉक्टर तरुण बाई होत्या. "काका, माझा सगळा दिवस गाई-म्हशींत जातो," असं म्हणत त्यांनी एका माहीतगार मित्राला फोन लावला, कासव उलटंसुलटं करून पाहिलं.

"याला थंडी बाधलीय. कासवाच्या अंगाला स्वतःची ऊब नसते. पाणी गार असलं की पोट चालत नाही, मग ते खात नाही. आधी उन्हात ठेवत होता का?"

"ते मले माईत नाई," उकंडराव म्हणाले. "याची मालकीन गेली बाई. तिची आठवन काढते ते. म्हनून खात नाई."

डॉक्टरबाईंनी कासव हळूच डब्यात ठेवलं. "तसंही असेल काका. पण आधी ऊन देऊन बघू." त्यांनी डोळ्यात घालायचं औषध दिलं.

घरी आल्यावर ललिताबाईंना विचारलं, तेव्हा कळलं. "गोजरा रोज टोपलं वढत ओट्यावर नेये, अंगनवाडीत जायच्या आंधी. तेरवीच्या गर्दीत कोनं तरी मांगं न्हानीजवळ सरकवलं." न्हाणीजवळ दिवसभर सावली असे. उकंडरावांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

मग ते उशिरा दुकान उघडू लागले. सकाळी टोपलं ओट्यावर आणायचं, पाणी कोमट करून कोपर बुडवून पाहायचं, डोळ्यांत औषध घालायचं. चढून बसायला एक वीट ठेवली. हळूहळू पापण्या उघडल्या. एका दुपारी त्यांनी ओल्या मातीतलं गांडूळ काढून पाण्यात सोडलं. कासवानं मान लांब केली आणि ते गपकन ओढलं. मग दाणे खाल्ले. मग मान वर करून आणखी मागू लागलं.

उकंडराव बघत राहिले. "तुमाले निसती थंडीच वाजली होती तं," ते म्हणाले. "मले वाटलं..." ते ओट्यावरच बसून राहिले. त्या दिवशी दुकान उघडलं नाही.

संध्याकाळी योगिनीचा फोन आला. "बाबा, पाटील कसा हाये?"

"खाल्लं त्यानं."

ती आनंदानं हसली. इकडून काहीच आवाज येईना. "बाबा? काय झालं?"

"काई नाई. मले वाटे, तिच्यासाठी झुरनारं घरात अजून एक जन हाये. आता मी एकटाच उरलो."

योगिनी फोन घेऊन मागच्या दारी गेली. मग दबक्या आवाजात म्हणाली, "एकटे नाई बाबा. माह्या बी घशाखाली घास उतरत नाई. इथं सगळ्याइसमोर ताट घेऊन बसा लागते, कालवल्यासारखं करा लागते, अन् उठा लागते."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

"तुमी अजून खचसान म्हनून."

"म्या बी तुले त्याच्याचसाठी नोतं सांगतलं," उकंडराव म्हणाले. मग म्हणाले, "ये चार दिवस."

संक्रांतीला ती आली. तिनं आईसारखं वांग्याचं भरीत केलं. आईसारखं झालं नाही. दोघं समोरासमोर बसली. तिनं अर्धी भाकर खाऊन अर्धी पानात ठेवली, त्यांनीही तसंच केलं. कुणी कुणाला आग्रह केला नाही. भांडी घासताना योगिनी रडली, आणि उकंडराव तिच्या शेजारी बसून एकेक भांडं विसळत राहिले.