एसएसडी स्वस्त होईपर्यंत

दोन वर्षं तारकर्लीतल्या आमच्या घराभोवती एकही नारळ खाली पडला नाही. सगळे दोरीने उतरवले गेले, एकेक करून.

गावात ही हकीकत अजून सांगितली जाते आणि साफ चुकीची सांगितली जाते. मी डोक्यावर परिणाम झालेला मास्तर आहे, असा तिचा एकंदर सूर असतो. मी हायस्कूलात वीस वर्षं विज्ञान शिकवलंय. माझ्या प्रत्येक कृतीमागे कारण होतं. ते कारण कोणी विचारलं नाही आणि मी सांगायला लागलो की लोकांना घरी कामं आठवायची, यात माझा काय दोष?

तर कारण असं. गोव्यात पणजीला राहणाऱ्या माझ्या मेव्हण्याने स्वतःला नवा लॅपटॉप घेतला आणि जुना मला दिला. (देताना तो फार प्रेमाने वागला, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.) दोन हजार आठच्या सुमारास हा लॅपटॉप आतून खटखट वाजायला लागला. आत हार्ड डिस्क असते. ती गरगर फिरते आणि तिच्यावर केसाएवढ्याही नाही अशा अंतरावर एक सुई तरंगत असते. धक्का बसला की सुई डिस्कला घासते आणि आतलं सगळं जातं.

"मगे नवीन घेवया," माझी बायको सुलभा म्हणाली.

तिचं घाईचं कारण मला मान्य होतं. आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्या तिने पर्यटकांसाठी नीट करून घेतल्या होत्या. न्याहारी, दोन वेळचं जेवण आणि राहणं. पाटी तिने स्वतः रंगवली होती. पाहुण्यांचे फोन यायचे, आणि कोण कधी येणार हे मी लॅपटॉपवर एका सुरेख तक्त्यात भरून ठेवायचो. भरलेल्या तारखा लाल, रिकाम्या हिरव्या. लग्न झाल्यापासून सुलभाने स्वतःचं म्हणून सुरू केलेलं हे पहिलंच काम. ते बुडालं असतं तर तिला पुन्हा उभं करायचा धीर झाला नसता, हे मला तेव्हाही कळत होतं.

पण मी दर महिन्याला पोस्टाने कॉम्प्युटरचं मासिक मागवत होतो, आणि त्यात लिहिलं होतं की आता सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजे एसएसडी, येतेय! तिच्यात फिरणारं काही नाही. आपटली तरी चालते. लॅपटॉप उघडला की लगेच सुरू. फक्त सध्या महाग आहे, लवकरच स्वस्त होईल.

"सहा महिने थांब," मी म्हणालो. "आज साधा लॅपटॉप घेणं म्हणजे निव्वळ मूर्खपणा आहे." (घरात आम्ही मालवणीच बोलतो, पण विज्ञान मी शुद्ध मराठीत सांगतो. मालवणीत सांगितलं की कोणाला खरं वाटत नाही.)

"सहा म्हयने ह्यो टिकात?"

"काळजी घेतली तर टिकेल."

इथून काळजी सुरू झाली. लॅपटॉपच्या खोलीत पाय आपटून चालायला बंदी. दार धाडकन लावायला बंदी. मे महिन्यात मसाला कांडायची वेळ आली तेव्हा मी आईला मुसळ घेऊन शेजारणीच्या अंगणात पाठवलं. ऐंशी वर्षांची बाई मुसळ खांद्यावर घेऊन रस्त्याने निघाली, तेव्हा सगळ्या वाडीने बाहेर येऊन पाहिलं. आईने प्रत्येकीला थांबून कारणही सांगितलं. ते कारण वैज्ञानिक नव्हतं.

भिंतीवरच्या कॅलेंडरचा खिळा निखळला, तो पुन्हा ठोकायला मी मनाई केली. खिळा ठोकणं म्हणजे सरळ भिंतीतून टेबलाला हादरा. सुलभा त्या कॅलेंडरवर पाहुण्यांच्या तारखा पेन्सिलीने लिहून ठेवायची. "दोन ठिकाणी नोंदी ठेवल्या की घोळ होतो," मी तिला बजावलं. मग ते कॅलेंडर सुक्या बांगड्यांच्या डब्यात तळाला गेलं. तारखा पेन ड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात असं मेव्हण्याने फोनवर सुचवलं, पण त्याच्या अकलेवर माझा विश्वास उरला नव्हता. खटखटणाऱ्या डिस्कला वर कॉपी करायचे श्रम द्यायचे?

राहिले नारळ. आमचे दोन माड लॅपटॉपच्या खिडकीला लागून आहेत. आमचा पाडेली जगू, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा, कोयती कमरेला लावून आला, तेव्हा मी त्याच्या हातात दोरी दिली.

"ह्या कित्या?" जगू म्हणाला.

"नारळ पाडायचे नाहीत. दोरीला बांधून एकेक खाली सोडायचा."

"गुरुजीनू, खाली वाळू आसा. वाळूत पडलेल्या नारळाचो आवाजसुदा येणा नाय."

"आवाजाचा प्रश्न नाही, जगू. कंपनांचा आहे."

जगूने आईकडे पाहिलं. आईने आकाशाकडे पाहिलं. एरवी चहा निवायच्या आत माड उतरवणारा माणूस त्या दिवशी दुपारपर्यंत वर बसून होता. मी खाली उभा राहून प्रत्येक नारळ दोन्ही हातांनी झेलत होतो. खाली आल्यावर तो आईला म्हणाला, "आज नारळ पाडूक नाय गो काकी. माडाचा बाळातपण केलंय." हे वाक्य संध्याकाळपर्यंत मालवणच्या बाजारात पोचलं. दुसऱ्या दिवशी शाळेत मुख्याध्यापकांनी माझ्याकडे बाळंतिणीची चौकशी केली.

सहा महिने झाले. मासिक म्हणालं, लवकरच. आणखी सहा महिने झाले. मासिक म्हणालं, अगदी लवकरच. मी संतापून संपादकांना पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही.

शेवटी आईने माझ्या नकळत ठरवलं की हा प्रश्न देवासमोर न्यायचा. आमच्याकडे घर बांधायचं, मुलगी द्यायची, विहीर खणायची तर गावदेवाचा कौल घेतात. गुरव देवाच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या लावतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी विज्ञानाचा शिक्षक असल्यामुळे जाणार नव्हतो, पण माझी बाजू मांडायला तिथे कोणीतरी हवं म्हणून गेलो.

गुरवाने हात जोडले. "बा देवा म्हाराजा! गुरुजीच्या घरात जो काय लॅपटॉप आसा, तो खटखट करूक लागलो आसा. तेच्याबदली आता नवीन घेवचो काय, तेचो उलगडो कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," आई आणि सुलभा म्हणाल्या.

उजवी पाकळी टपकन पडली.

"प्रश्न मोघम होता," मी म्हणालो. परीक्षेत असा प्रश्न आला तर मी मुलांना पूर्ण गुण देतो. "साधा घ्यायचा की एसएसडीवाला, हे विचारलेलंच नाही."

गुरव सज्जन माणूस. त्याने पुन्हा पाकळ्या लावल्या आणि साधा घेऊ का म्हणून विचारलं. पुन्हा उजवी. मी म्हणालो, आता विचारा, अजून सहा महिने थांबलं तर चालेल का. गुरवाने विचारलं. पाकळ्या हलेनात. उजवी नाही, डावी नाही. आम्ही घाम पुसत उभे राहिलो. गुरवाने तीनदा गाऱ्हाणं घातलं.

"देव काय बोलणा नाय," तो शेवटी म्हणाला. "रागावलो आसा बहुतेक."

"रागावलेला नाही," मी म्हणालो. "थांबलाय. म्हणजे आपणही थांबायचं. स्पष्ट कौल आहे!"

घरी येईपर्यंत दोघी माझ्यापुढे दहा पावलं चालत राहिल्या. माझ्याच बाजूने लागलेल्या निकालावर घरच्यांनी तोंड पाडावं, याचं मला वाईट वाटलं होतं.

डिसेंबर आला. सुलभाचा खरा हंगाम. नाताळसाठी दोन्ही खोल्या भरल्याचं तिला आठवत होतं, पण नावं आणि नेमक्या तारखा माझ्या तक्त्यात होत्या. तिने नव्या चादरी आणल्या, सुरमई सांगून ठेवली. घरात सगळे मांजराच्या पावलांनी वावरत होते. आणि त्या दिवशी पोस्टमनने मासिक आणलं.

मी टेबलाशी बसून ते उघडलं. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात छापलं होतं की येत्या वर्षात सॉलिड स्टेट ड्राइव्हच्या किमती कोसळणार. कोसळणार! दोन वर्षं मी ज्यासाठी बोलणी खाल्ली, ते आता छापून आलं होतं.

"सुलभा! आई! इकडे या! मी काय सांगत होतो?" असं ओरडून मी टेबलावर मूठ आपटली.

जोरात आपटली. इतकी की चहाचा कप उलटला.

लॅपटॉप खट म्हणाला. मग खटखटखट म्हणाला. मग पडदा निळा झाला आणि नंतर काळा झाला. मी तो तीनदा बंद करून चालू केला, पण आतून काहीही आलं नाही. दारात सुलभा आणि आई उभ्या होत्या. दोन वर्षं त्या घरात जे हादरे बसले नाहीत, ते सगळे मिळून मी एका मुठीत दिले होते.

"कॉपी आसा?" सुलभाने विचारलं.

मी मासिकाची घडी घातली.

"तारखा आठवतत तुमका?"

मला तीन वेगवेगळ्या आकारांच्या एसएसडींच्या दोन वर्षांतल्या किमती महिनावार आठवत होत्या. आमचा फोन साधा, भिंतीवरचा. त्याला कोणाचा फोन आला होता ते लक्षात राहत नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर तक्ता होता. सव्वीसला लाल रंग सुरू होतो, हे मला स्वच्छ दिसत होतं. "पंचवीस रिकामी आहे," मी छातीठोकपणे सांगितलं. त्याच दुपारी कोल्हापूरच्या पाटलांचा फोन आला, पंचवीसला खोली मिळेल का. सुलभाने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

पंचवीसला सकाळी साताऱ्याचे शिंदे सहकुटुंब उतरले. अकराला पुण्याचे लेले आले. जेवणाच्या वेळी पाटील जीप घेऊन अंगणात शिरले, सोबत दोन आत्या होत्या. शिंदे आणि लेले दोघांनीही ऑगस्टमध्ये फोनवर ठरवल्याचं शांतपणे सांगितलं. ते माझ्याशीच बोलले होते. मी त्यांना एसएसडीची माहितीही दिली होती म्हणे.

तीन कुटुंबं, खोल्या दोन. पाटील म्हणाले, "अहो, आम्ही आता सणासुदीला कुठं जायचं?" आत्या पडवीत बसल्या त्या उठेचनात. सुलभा अंगणात उभी होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी तिला रडताना फारसं पाहिलेलं नाही. तेव्हा मला मासिकाचा, मेव्हण्याचा, सगळ्यांचा राग आला, आणि मग तो राग हळूहळू योग्य पत्त्यावर येऊन पोचला.

आईने पदर खोचला. "आमची खोली देवया तेंका. सुलभा नि मी सैपाकघरात निजतो."

"आणि मी?" मी विचारलं.

"तू मांगरात जा. थंय तुझे नारळ आसत. ऱ्हव तेंच्यासांगाती."

मांगर म्हणजे आमच्याकडे परसातली अवजारं, गवत आणि नारळ ठेवायची जागा. मी तिथे तीन रात्री काढल्या. दोन वर्षं हाताने झेललेला प्रत्येक नारळ पाठीला टोचला.

चौथ्या दिवशी निघताना लेल्यांनी पडवीत आपला लॅपटॉप उघडला. मी नकळत घड्याळ पाहिलं. तो उघडताक्षणी सुरू झाला.

"एसएसडी?" मी विचारलं.

"हो. ऑफिसनं दिलाय," लेले म्हणाले आणि उठताना त्यांच्या मांडीवरून लॅपटॉप पायरीवर पडला. मी किंचाळलो. लेल्यांनी तो उचलून शर्टाला पुसला. तो चालूच होता.

पाहुणे मात्र खूश होऊन गेले. सुलभाच्या सुरमईपुढे कोणाची तक्रार टिकली नाही, आणि पाटलांच्या आत्यांनी मे महिन्यासाठी खोल्या आत्ताच मागून ठेवल्या. ते ऐकून सुलभा मालवणला गेली आणि दोनशे पानी वही घेऊन आली. ती तिने माझ्यासमोर टेबलावर आपटली. मी सवयीने दचकलो.

"हिच्यात फिरणारा काय नाय," ती म्हणाली. "आपटली तरी चलता. उघडली काय लगेच सुरू. आणि सवंग होवची वाट बघूक नको."

मी वही उलटून पालटून पाहिली. मासिकाने कबूल केलेलं सगळं तिच्यात होतं. मी खिशातून पेन काढलं आणि तक्ता आखायला पहिलं पान उघडलं. आईने माझा हात धरला, वही काखेत मारली आणि ती तशीच देवळात गेली. मागोमाग मीही गेलो.

"बा देवा म्हाराजा," गुरव म्हणाला, "ह्या वहीत गुरुजीन लिवलेला चालात काय रे..."

'म्हाराजा' म्हणायची वेळच आली नाही. डावी पाकळी खाली पडली होती. दोन वर्षं मासिकं वाचली, पण एवढा वेग मी कुठल्याही एसएसडीचा वाचला नव्हता.