‘करणे’ या क्रियापदाची चौकशी

“मास्तर करणी करतो, साहेब. ह्यो घ्या पुरावा,” असं म्हणून सरपंच आबांनी एक फाटका कागद माझ्या टेबलावर ठेवला. त्यावर शाईनं ओळीनं तीन चित्रं काढली होती. डोळा, पाण्याची नागमोडी रेघ आणि साप.

मी तेव्हा पाथर्डीला पंचायत समितीत शिक्षण विस्तार अधिकारी होतो. म्हणजे शाळा तपासायच्या आणि शिक्षकाविरुद्ध तक्रार आली की चौकशी करायची. बहात्तरचा दुष्काळ चालू होता. आबांचं म्हणणं असं, की त्यांच्या गावातले कुलथे गुरुजी रोज संध्याकाळी विहिरीच्या कठड्यावर बसून असली चित्रं काढायचे, आणि आठ दिवसांत विहीर आटली. आबांनी वही हिसकावली तेव्हा अर्धंच पान हाती आलं. गाव चिडलं होतं. मारहाण झाली तर आपल्यावर येईल, तुम्ही आजच जा, असं बीडीओ साहेबांनी मला बजावलं.

शाळेत निम्मीसुद्धा मुलं नव्हती. बाकीची आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली. गुरुजी चाळिशीचे, एकटेच राहणारे. नगरच्या रद्दीच्या दुकानात त्यांना प्राचीन इजिप्तच्या भाषेचं इंग्रजी व्याकरण मिळालं होतं. ती भाषा चित्रांनी लिहितात. संध्याकाळी वेळ जात नाही म्हणून शिकतो, असं ते म्हणाले.

मला पटलं नाही. डोळ्याचा अर्थ विचारला.

“हे ‘इरि’ क्रियापद. अर्थ, करणे.”

करणीची तक्रार आणि क्रियापद ‘करणे’. माझा संशय उलट वाढला. तक्रार ऐकून हा माणूस जागच्या जागी अर्थ जुळवतोय, असं वाटलं. मी पुस्तक मागितलं, इंग्रजी अर्थावर हात ठेवला आणि कुठलंही पान उघडून विचारत गेलो. डोळ्याखाली ओठ असले तर ‘करत असतो’, पुन्हा पुन्हा. डोळ्यापुढे पाण्याची रेघ असली तर क्रिया पूर्ण झाली, ‘केलं’. त्यापुढचा साप म्हणजे ‘तो’. सहा-सात ठिकाणी विचारलं. एकदाही चुकले नाहीत.

बाहेर पटांगणात गाव जमलं होतं. मी लिपीबद्दल सांगितलं. आबांनी ते ऐकून घेतलं आणि सरळ गुरुजींनाच विचारलं, “मंग ह्या कागदावर काय लिवलंय, तेवढं सांगा.”

गुरुजींना काहीही सांगता आलं असतं. ते खरं बोलले. “त्याने केलं.”

मागून कुणीतरी म्हणालं, कबूल झाला. दोघं-तिघं पुढे सरकले.

“काय केलं?” मी मोठ्यानं विचारलं. “वाक्यातलं कर्म कुठंय?”

ते पुढं असतं, वहीतच राहिलं, असं गुरुजी म्हणाले. मी वही मागवली. फाटलेली कड आबांच्या कागदाला लावली. बरोबर बसली. सापापुढे एक आडवी चौकट होती, खालच्या बाजूनं दाराएवढी उघडी.

“हे घर,” गुरुजी म्हणाले. “त्याने घर बांधलं. करणं, बनवणं, बांधणं, सगळ्याला त्यांचं हेच क्रियापद.”

आबांनी त्या चौकटीवर बोट ठेवलं. “आमी बी घर केलं असंच म्हनतो,” ते हळूच म्हणाले. पुढे आलेले लोक मागे झाले.

‘तक्रार निराधार’ असा अहवाल मी दिला. बीडीओ साहेबांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, “सगळं ठीक. पण त्याला हे शिकायची गरज काय होती?”

महिन्याभरात गुरुजींची कोल्हारला बदली झाली. आदेशात कारण होतं, प्रशासकीय सोय. गावाला जूनपर्यंत दुसरा शिक्षक मिळाला नाही. गुरुजींनाच परत द्या म्हणून आबा दोनदा ऑफिसात येऊन गेले.

‘शिक्षक आहे तिथेच ठेवावा’ ही एक ओळ मी अहवालात घालायला हवी होती. आपण जे लिहायचं सोडतो, ते ऑफिस स्वतःच्या मनानं लिहून घेतं.