घरची हळद वेगळी

तुमच्या डब्यातली हळद इतकी पिवळीधमक कशी, असं तुम्ही दुकानदाराला कधी विचारलंय? मला तर दुकानापर्यंतही जावं लागत नव्हतं. दुकान आमचंच होतं. हे मी आजवर एकाही पत्रकात लिहिलं नाही. तुमच्याजवळ काढते, कारण माझी पत्रकं तुम्हीच वाचलीत.

खामगावात आमचा हळद पॉलिश करायचा कारखाना आहे. वाळलेली हळकुंडं ड्रममध्ये फिरवतात, साल निघते, आणि शेवटी दादा त्यात एक पिवळी भुकटी टाकायचा. मग माल झळकायचा. घरची हळकुंडं मात्र भुकटी पडायच्या आत बाजूला काढलेली असायची. आमचं वरण कायम फिकं. "घरची हळद वेगळी" — हे लहानपणापासून ऐकलेलं. वेगळी का? कॉलेजात गेल्यावर कळलं की अशा भुकटीत शिसं असतं. दादाला विचारलं, तर तो म्हणाला, "आपल्या घरात येते का ते? मंग तुले काय करा लागते?"

आणि मी गप्प बसले. आई बायकांच्या संघटनेची पत्रकं वाटायची, त्यांवरून मी अक्षरं जुळवायला शिकले. साऱ्या गावाशी भांडणारी मी — घरात गप्प.

मग मी 'गर्भवतीची ढाल' हे पत्रक काढलं. शिशासारखे जड धातू आईच्या रक्तातून बाळापर्यंत पोचतात. हळद, आवळा, शेवग्याचा पाला यांतली द्रव्यं त्यांचा मारा बोथट करतात, असं लिहिलं. कच्च्या मजकुरात आणखी दोन ओळी होत्या. हे उंदरांमध्ये दिसलंय, माणसांत सिद्ध झालेलं नाही. आणि खरा उपाय म्हणजे शिसं घरात येऊच न देणं. त्या मी खोडल्या. मजकुराची धार जाते म्हणून? की ती दुसरी ओळ आमच्याच कारखान्याच्या दाराशी येऊन थांबत होती म्हणून?

शेजारच्या मोहल्ल्यातली रुबिनाभाभी कपडे शिवते. तेव्हा तिला पाचवा महिना होता. तिनं पत्रक मशीनसमोरच्या भिंतीवर चिकटवलं आणि आमच्या दुकानातली हळद रोज दुधातून घ्यायला लागली. "पोरगी झाली न, तर तुह्यासारखीच भांडकुदळ निघन," असं म्हणून हसायची. मी घरातली वाटीभर फिकी हळद देऊ शकत होते. पण तिनं विचारलं असतं — हे वेगळी काऊन? तेवढ्या एका प्रश्नाला मी भ्याले.

लोहाच्या गोळ्या चालू असूनही तिचं रक्त वाढेना. डॉक्टरांनी तपासणी करून घेतली, तर शिसं निघालं. मी सोबत होते. घरात रंगकाम झालं का, भांडी कसली, सुरमा लावता का, असं त्यांनी विचारलं. सुरम्याचं नाव निघताच भाभीचा चेहरा उतरला. तिच्या वारलेल्या अम्मीची सुरमेदानी होती ती. भाभी माझ्याकडे बघत होती.

"सुरमाच असेल," मी म्हणाले.

तिनं घरी येऊन सुरमेदानी नालीत टाकली. त्याच संध्याकाळी मी तिच्या हळदीत किडे झालेत असं सांगून डबा बदलला, घरचीच हळद भरून दिली. पुढे शिसं उतरलं. श्रेय सुरमा सोडल्याला गेलं. आणि मी काय केलं? 'सुरमा सोडा' हे दुसरं पत्रक काढलं. सुरम्यात शिसं असू शकतं, ते खरंच आहे. पण तिचा सुरमा कुणी तपासलाच नव्हता. पत्रकाचं कौतुक झालं. तिच्या मोहल्ल्यात मी ते वाटून घेतलं — तिच्याच हातून. दुकानात येणाऱ्या बाकीच्या बायकांचे डबे मी बदलले नाहीत.

मुलगी झाली. आता घरभर पळते, डॉक्टर म्हणतात ठीक आहे. त्यात माझं काही नाही.

गेल्या महिन्यात दादाला सांगितलं — भुकटी थांबव, नाहीतर पुढच्या पत्रकावर आपल्या दुकानाचं नाव असेल. भुकटी थांबली, तो माझ्याशी बोलत नाही. मग भाभीकडे गेले आणि सगळं सांगितलं. ती सुईत दोरा ओवत होती, सुई तिनं मशीनवर ठेवली.

"म्हंजे अम्मीची सुरमेदानी मी उगीच फेकली," ती म्हणाली. मग भिंतीवरचं पत्रक काढून तिनं माझ्या हातात दिलं. "आता तिसरं लिही. यातलं काही खोडू नको."

हे ते तिसरं. खूप हलकं वाटतंय. तसं वाटावं याचीही लाज वाटते, तरी वाटतंय. कित्येक वर्षांनी आमचं फिकं वरण घशाखाली सरळ उतरलं.

तुमच्या भिंतीवर माझी 'ढाल' असेल तर काढून टाका. मग दुकानात जा आणि दुकानदाराला एवढंच विचारा — तुमच्या घरी कोणती हळद खाता? तीच मागा.