नेल्फीची कॅचर

आमच्या वस्तीत मोटांचा नेल्फी बेसबॉलचा चेंडू टाकायला उभा राहिला की बायका आपापल्या कोंबड्या आत घ्यायच्या. उंच, हडकुळं पोरगं, पण हातात असा वेग की चेंडू दिसायचाच नाही. तो कुठे जाईल, हे मात्र नेल्फीलाही ठाऊक नसायचं. एकदा चर्चच्या दारात उभ्या असलेल्या पाद्रीबाबांच्या मोटारसायकलचा दिवाच त्यानं फोडला.

त्याचा चेंडू झेलायला समोर कॅचर म्हणून बसायला कुणी तयार होईना. शेवटी त्याची थोरली बहीण योकास्ता बसली. ती घराच्या ओसरीवर बायकांचे केस सरळ करून द्यायची.

"टाक रे मेल्या!" ती मास्कमधून ओरडली. "मला लागलं ना, तर आज जेवणाची केळी तूच उकड!"

"ताई, हातमोजा जरा इकडे घे ना."

"मोजा जागेवरच आहे. तुझी अक्कल कुठंय ते बघ!"

ती डिवचायची, तो चिडायचा, आणि चिडला की नेम लागायचा. वर्षभर हेच चाललं.

मग राजधानीतून एका क्लबचा माणूस पोरं निवडायला आला, वेग मोजायचं यंत्र आणि स्वतःचा कॅचर घेऊन. नेल्फीचा पहिला चेंडू कुंपणापलीकडे उसात गेला. दुसऱ्यानं साहेबांची टोपी उडवली. साहेब यंत्र पिशवीत घालू लागले.

योकास्ता ओसरीवरून बघत होती. खुर्चीत बसलेल्या दोन्या फ्रेदेस्विंदाबाईचं डोकं अर्धवट सोडून ती तरातरा मैदानात आली.

"बाई, इथं तुमचं काय काम?" साहेब म्हणाले.

"साहेब, तुम्ही यंत्र धरा. बोलायचं मी बघते." त्यांच्या कॅचरला बाजूला सारून, मास्क चढवून ती खाली बसली. "काय रे, हात लटपटतोय? परवा त्या दुकानवाल्याच्या पोरीसमोर असाच लटपटत होतास!"

सगळं मैदान हसलं. नेल्फी कानापर्यंत लाल झाला आणि त्यानं चेंडू फेकला. थाड! थेट मोज्यात. पुन्हा थाड! साहेबांनी यंत्र हलवून बघितलं, मग पुन्हा नेल्फीकडे बघितलं.

मैदानाच्या कडेला दोन्या फ्रेदेस्विंदा अर्ध्या केसांनिशी नाचत होती.

पुढच्याच महिन्यात क्लबनं त्याला खेळ शिकायला राजधानीत बोलावलं. बसमध्ये चढताना त्यानं विचारलं, "ताई, तिकडं मला शिव्या कोण घालणार?"

"शिकलेली माणसं आहेत ती. माझ्यापेक्षा बऱ्या घालतील."

बस गेली. योकास्ता घरी आली आणि सुजलेली बोटं गार पाण्यात बुडवून बसली.