पाच वेळा कावून

प्लांटमध्ये एखादं यंत्र बंद पडलं की आम्ही कागदावर पाच चौकोन आखायचो. पंप का थांबला? बेअरिंग जाम झालं. बेअरिंग का जाम झालं? ग्रीस पोचलं नाही. असं पाच वेळा विचारलं की मूळ दोष सापडतो असा नियम. मग खाली उपाय लिहायचा, जबाबदार माणूस लिहायचा, मुदत लिहायची आणि सही करून प्रकरण बंद करायचं. माझी सगळी नोकरी मेंटेनन्समध्ये गेली. माझ्या हाताखालची माणसं पाठीमागे मला 'क्यों साहब' म्हणत. ते मला ठाऊक होतं आणि, खरं सांगायचं तर, आवडायचंही.

बायकोची तऱ्हा वेगळी. घरात कोणाचं काही बिनसलं की ती विचारत नसे. लाल भाजीची, म्हणजे लाल माठाची, जुडी घेऊन त्या माणसाशेजारी बसायची, अर्धी जुडी त्याच्यापुढे सरकवायची आणि निवडत राहायची. कधी दोन दिवस, कधी आठवडा. मला तो निव्वळ वेळकाढूपणा वाटायचा, आणि तसं मी तिला चारचौघांतही ऐकवलं होतं.

मुलगी अकरावीत होती तेव्हा आम्ही हिंदी मुलखातल्या प्लांटच्या वसाहतीत, सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये राहत होतो. तिचा शाळेचा डबा भरलेलाच परत येऊ लागला. "राहू द्या थोडे दिवस, सांगेल ती," बायको म्हणाली. राहू देऊन काही दुरुस्त होतं यावर माझा विश्वास नव्हता. रविवारी सकाळी मी मुलीला जेवणाच्या टेबलाशी बसवलं आणि कागदावर पाच चौकोन आखले. घरात आमची बोली नागपूरकडची, त्यामुळे तिथे 'का'चं 'कावून' झालं, एवढाच फरक.

"डबा कावून परत येऊन राहिला?"

"भूक नाई लागत."

"भूक कावून नाई लागत?"

"एकटीनं खायला नाई आवडत, बाबा."

"एकटी कावून?"

"वो लोग अब मेरे साथ नहीं बैठते." घाबरली की ती हिंदीत जायची.

"कावून नाई बसत?"

"उनका अलग ग्रुप बन गया."

"मग तुले त्याच्यात कावून नाई घेतलं?"

ती टेबलाच्या कडेवरचं सनमायका नखानं उचकटत राहिली. बायकोनं भाजीची जुडी हळूच तिच्यापुढे सरकवली. "आधी हे पूर्ण होऊ दे," म्हणत मी ती परत ढकलली.

"मालूम नहीं, बाबा. सच में."

प्लांटमध्ये 'माहीत नाही' हे उत्तर चालत नसे. पाचवा चौकोन मीच भरला: मिसळण्याचा प्रयत्न कमी. उपाय: रोज दोन नव्या मुलींशी बोलणे. जबाबदार: स्वतः. मुदत: एक महिना. आणि तो कागद फ्रिजवर चुंबकानं लावला.

दर शनिवारी तिनं मला येऊन सांगायचं, कोणाशी बोलली, काय बोलली. ती सांगायची. डबा रिकामा येऊ लागला. शाळेतून आली की घरीही ती पोटभर जेवू लागली, आणि ती सुधारणाही मी माझ्याच नावावर मांडली. महिना संपला तेव्हा मी कागदावर सही केली, आणि शिफ्टच्या चहाला मोठ्या ऐटीत हा किस्सा सांगितला.

रिटायर झाल्यावर आम्ही वसाहतीबाहेर, कोहक्यात घर घेतलं. सामान लावताना तो कागद जुन्या फायलीत सापडला. मी कौतुकानं बायकोला दाखवला. तिनं तो नीट वाचला.

"डबा ती सायकल स्टँडमागं गाईले चारायची," ती म्हणाली. "दोन वर्षं. घरी आली की मी ताट वाढायची."

"तुले कधी समजलं?"

"तेव्हाच. भाजी निवडता निवडता सांगितलं तिनं."

"मग मले कावून नाई सांगितलं?"

"तुमी आणखी एक कागद काढला असता."

खोटा रिपोर्ट मला लांबून कळत असे. दर आठवड्याला सगळं ठीक लिहिणाऱ्या माणसाच्या यंत्रापाशी मी स्वतः टॉर्च घेऊन जायचो. इथे मी रिकामा डबा बघून खूश झालो, कारण मला माझी पद्धत खरी ठरायला हवी होती. माझी पोर दोन वर्षं दुपारची उपाशी राहिली आणि मी त्याखाली सही केली. तिची माफी मागायचं मी ठरवलं होतं. दर दिवाळीला ठरवायचो, आणि दर दिवाळीला ती नवऱ्याबरोबर पुण्याला परत जायची.

गेल्या महिन्यात ती न कळवता आली, मोठी बॅग घेऊन, एकटीच. या खेपेला मी काही म्हणजे काही विचारायचं नाही असं ठरवलं. दुपारी ती टेबलाशी बसली होती. मी भाजीची जुडी घेतली, शेजारी बसलो आणि अर्धी तिच्यापुढे सरकवली. मला नीट निवडताही येत नव्हतं, पानांबरोबर देठंही ताटात टाकत होतो.

तिनं जुडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ताठ बसली.

"बाबा, आमी दोघं अलग राहून राहिलो," ती म्हणाली. "अलग कावून, तर रोज भांडण. भांडण कावून, तर मी त्याले काईच सांगत नाई. सांगत कावून नाई, तर भीती वाटते. भीती कावून, तर त्यानं काई विचारलं की वाटते, आता आपलं उत्तर चुकणार."

मी एकही प्रश्न विचारला नव्हता.

"आन् तसं कावून वाटते, ते मालूम नहीं. पाचवं तुमीच भरा."

"माझ्यापायी, बेटा," मी म्हणालो.

ती नाही म्हणेल म्हणून मी थांबलो. ती भाजी निवडत राहिली.